लाल दिवा लागला की हात लावायचा नाही

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या विजेच्या दुकानात आमचे साहेब बल्ब घ्यायला गेले की दुकानदार आधी स्वतःसाठी स्टूल ओढून घ्यायचा. एकदा लावून दाखवलेला बल्ब साहेबांना चालत नसे. लावा, बंद करा, पुन्हा लावा, गरम होऊ द्या, आता पुन्हा लावा. ‘एकदा काय, खराब बल्बबी लागतो की,’ ते म्हणायचे. एवढं सगळं करून बल्ब पसंत पडला की पिशवीत टाकण्याआधी तो कानाशी धरून हलवायचे आणि मग दुकानदाराकडे असं बघायचे की आता तरी खरं काय ते सांगून टाक.

त्यांच्या हाताखाली मी लागले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बार्शीची. बी.कॉम. झाले होते, सोलापुरात मावशीकडे राहत होते आणि एका कापड गिरणीच्या कार्ड विभागात मला नोकरी मिळाली होती. कार्ड विभाग म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं. गिरणीतल्या प्रत्येक कामगाराचं एक जाड कागदाचं कार्ड असे. त्याचा बिल्ला नंबर, खातं, पाळी ही माहिती त्यावर भोकांच्या रूपात पाडलेली. भोकं पाडायचं काम आम्हा मुलींचं. ही कार्डं नंबरवारीनं लांबलचक ट्रेमध्ये लावून ठेवलेली असत आणि त्या सगळ्या पसाऱ्याला मिळून आम्ही ‘फाइल’ म्हणायचो.

रोज सकाळी ही फाइल एका यंत्रातून जायची. यंत्राच्या पोटात तारांचे बारीक ब्रश होते. कार्ड त्यांच्याखालून सरकलं की भोकातून ब्रश खालच्या रुळाला टेकायचा आणि नंबर वाचला जायचा. नंबर ओळीनं आले तर यंत्र खडखडत शेवटपर्यंत जाई. एखादा मागेपुढे आला की ते जागीच थांबे आणि त्याच्या डोक्यावरचा लाल दिवा लागे. फाइल बिघडली तर हजेरीचे तक्ते चुकीचे छापले जात, आणि मग गेटवर जो काही गोंधळ उडे तो मी एकदाच पाहिला आणि तेवढा मला पुरला. म्हणून ही रोजची तपासणी.

तुम्हीआम्ही सगळे काय करतो? काही चुकलं की पुन्हा करून बघतो, आणि बरोबर आलं की विषय सोडून देतो. साहेबांचं सगळंच उलटं. फाइल सुरळीत गेली की ते म्हणत, ‘पुन्हा घाला.’ आणि लाल दिवा लागला की दोन्ही हात वर करून कन्नडमध्ये ओरडत, ‘निल्लू, निल्लू!’ म्हणजे थांबा. मग कोणी कार्डाला बोट लावायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही, शक्य तर श्वासही बेतानं घ्यायचा. ‘लाल दिवा लागला की हात लावायचा नाही. चूक आपल्या पायानं चालत आली हाय, तिला बसू द्या, चौकशी करा. तुमी पुन्हा यंत्र चालवलं की ती गेली. परत यील तवा तिच्या सवडीनं यील, तुमच्या न्हाय.’

कन्नड घरचं, मराठी बाहेरचं आणि इंग्रजी यंत्राच्या पुस्तकातलं, अशा तीन भाषा ते बोलत. एका वाक्यात तिन्ही आल्या की समजावं, साहेब खुशीत आहेत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून सकाळी यायचे. सोलापूरच्या उन्हानं ते दुपारपर्यंत पुसून जायचे. वर्ण सावळा, शर्ट पांढरा, आणि त्या शर्टाच्या खिशाला कधी शाईचा डाग नाही, कारण पेन खिशाला लावण्याआधी ते उलटं धरून झटकून बघत. ती शाई माझ्या साडीवर उडायची, ती गोष्ट वेगळी.

माझी मुलाखतही त्यांनी तशीच घेतली होती. मला त्यांनी विचारलं, ‘तुमाला घाईत काम करायला आवडतं का सावकाश?’ मी म्हटलं, सावकाश. मग माझे वडील, बार्शीचा बाजार, कॉलेजातले विषय असं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मला वाटलं, पहिलं उत्तर चुकलं असावं. मी म्हटलं, घाईत. ते हसले नाहीत. ‘आता तिसऱ्यांदा विचारतो. खरं सांगा.’ मी रडकुंडीला येऊन म्हटलं, ‘नोकरी हवी आहे, तुम्ही म्हणाल तसं करीन.’ त्यावर त्यांनी मला घेतलं. हे उत्तर कितीही वेळा विचारलं तरी बदलणार नाही अशी त्यांची खात्री पटली म्हणे. तेव्हापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी ‘बार्शी’. ‘ओ बार्शी, ट्रे आणा.’

विभागात ‘चालतंय की’ म्हणायला बंदी होती. सोलापुरात राहून हे दोन शब्द टाळणं म्हणजे काय हे तिथल्यालाच कळेल. जो म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. आमचा शिपाई मलकप्पा महिन्यातले निम्मे चहा एकटा पाजत असे. एकदा त्यानं चिडून विचारलं, ‘अण्णा, मग काय म्हनावं मानसानं?’ साहेब म्हणाले, ‘चालतंय का म्हनावं.’

त्यांच्या घरी मी एकदाच जेवायला गेले. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर दही. त्यांच्या घरच्या बाई मोठ्या गमत्या होत्या. वाढता वाढता म्हणाल्या, ‘आमच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी यांनी मला हळूच नाव विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं.’ साहेब मान खाली घालून भाकरी मोडत होते. म्हणाले, ‘मग? आयुष्याचा प्रश्न हाय. एवढ्या गर्दीत मानूस बदललं तर?’ बाई हसून हसून खाली बसल्या. मला त्या घराचा हेवा वाटला, आजही वाटतो.

या माणसाला एकच हौस होती. मुंबईच्या हेड ऑफिसात कॉम्प्युटर येणार होता आणि तो शिकायला आमच्या विभागातून एकाला पाठवणार होते. कार्डांचं राज्य संपत आलं हे साहेबांना आमच्याआधी कळलं होतं. त्या कॉम्प्युटरचं एक चित्र त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. कपाट उघडलं की आधी चित्राकडे बघत, मग हवी ती वस्तू घेत. कधी कधी वस्तू न घेताच कपाट लावत. गिरणीच्या मॅनेजरांनी त्यांना सांगूनही ठेवलं होतं की नाव तुमचंच जाणार, फक्त तुमच्या विभागाबद्दल तक्रार नको. साहेबांनी हे मॅनेजरांकडून दोनदा वदवून घेतलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच तक्रार सुरू झाली.

फाइल सांभाळायचं काम पद्माचं होतं. पद्मा विणकरांच्या वस्तीतली, घरी तेलुगू बोलणारी, माझ्याहून लहान आणि अजून कच्च्या नोकरीत. वडिलांचा हातमाग बंद पडलेला, आई घरी विड्या वळायची. पद्माही लहानपणापासून वळत आलेली. कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन ती बोटांनी असा सारखा करायची की बघत राहावं. तिच्या घरात पगाराच्या नोकरीला लागलेलं ते पहिलंच माणूस. ती पक्की झाली असती तर विडीच्या पानांतून तिची सुटका होती आणि धाकट्या बहिणीला शाळेतून काढायचं चाललं होतं तेही थांबलं असतं. आम्हाला हे ठाऊक होतं, कारण ती दुसरं काही बोलतच नसे.

एका सकाळी लाल दिवा लागला. त्या दिवशी खरोखरच एक कार्ड मागेपुढे झालं होतं. अशी चूक कोणाच्याही हातून होते. पण मॅनेजर नेमके तिथे उभे होते. त्यांनी पद्माला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा दिवा लागला. या खेपेला कार्डं तपासली तर सगळी जागच्या जागी. यंत्र पुन्हा चालवलं तर फाइल सुरळीत गेली. मग मध्ये काही दिवस काही नाही. मग पुन्हा दिवा. पुन्हा कार्डं बरोबर. हळूहळू हे वाढतच गेलं.

मॅनेजरांचं म्हणणं सरळ होतं. यंत्र खोटं बोलत नाही. दिवा लागतो म्हणजे कार्डं विसकटलेली असतात, आणि आपण तपासायच्या आत ही मुलगी गुपचूप ती सारखी करून ठेवते. साहेबांनी मान हलवली. ‘कधीमधी लागतो ना दिवा? कधीमधीला कारन असतं. ते सापडंपर्यंत कुनाचं नाव घिऊ नका.’

‘शनिवारपर्यंत सापडलं तर ठीक,’ मॅनेजर म्हणाले. ‘नाहीतर सोमवारपासून तिला घरी पाठवा.’

तो आठवडा मी विसरणार नाही. साहेबांचा पहिला संशय कापसाच्या फुलक्यांवर, म्हणजे हलक्या तंतूंच्या पुंजक्यांवर, होता. गिरणीत त्या सगळीकडे उडत, आमच्या वेण्यांतसुद्धा सापडत. त्यांनी मलकप्पाकडून मूठभर फुलक्या मागवून यंत्रावर मुद्दाम उडवल्या. दिवा लागला नाही. मग त्यांना वाटलं, भोंगा होतो तेव्हा भिंती थरथरतात, त्यानं होत असेल. भोंग्याच्या वेळी यंत्र चालवलं. दिवा नाही. पंखा लावून, पंखा बंद करून, खिडकी उघडी, खिडकी लावलेली. मलकप्पाला यंत्राशेजारून चहाचा ट्रे घेऊन फेऱ्या मारायला लावलं. तो म्हणाला, ‘अण्णा, रिकामाच ट्रे हाय, च्या तरी आनू द्या.’ मला त्यांनी यंत्राजवळ उभं करून मोठ्यानं हसायला सांगितलं. मला हसू येईना, तर म्हणाले, ‘रोज तर हसता की.’ आम्ही बाकीचे म्हणत होतो की चला, दिवा लागत नाही, गेला एकदाचा आजार. ते मात्र दर फेरीला जास्त खिन्न होत होते. ‘बरा होऊन उपेग न्हाय. मला तो आजारी पाहिजे. मुद्दाम चुकवून दाखवता आलं तरच दुरुस्त केलं म्हनायचं. न्हाय तर नुसतं झाकलं.’

शुक्रवारी मॅनेजर येऊन म्हणाले, ‘बघा, तुम्ही आठवडाभर इथे ठाण मांडून बसलात तर एकदाही दिवा लागला नाही. तुम्ही बघत असलात की ती नीट वागते. आणखी काय पुरावा हवा?’

पद्मा ट्रेच्या मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं. साहेबांनीही ऐकलं आणि ते बराच वेळ यंत्राकडे बघत बसले. मॅनेजर जिथे थांबले होते तिथून साहेबांचा विचार पुढे निघाला होता, हे मला नंतर कळलं. ते मनाशी म्हणत होते, मी बघतो तेव्हा दिवा लागत नाही, म्हणजे ज्यानं तो लागतो ते माझ्यासमोर कोणी करत नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी आम्हा तिघांना, म्हणजे मला, पद्माला आणि मलकप्पाला, यंत्राभोवती बोलावलं. म्हणाले, ‘आज रोजच्यासारखं करा सगळं. मी नसताना करता तसं. एक गोष्ट जास्त न्हाय, एक कमी न्हाय.’ मग आम्ही तसं केलं. मलकप्पानं फडकं मारलं. मी माझ्या वेणीची चाळवाचाळव केली, कारण तीही मी रोज करायचे. पद्मानं ट्रे आणले, गठ्ठा सारखा केला, यंत्रात ठेवला. फाइल शेवटपर्यंत सुरळीत गेली.

साहेब म्हणाले, ‘कुनीतरी एक गोष्ट सोडली.’

मॅनेजर थोड्याच वेळात येणार होते. साहेबांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ झाला. ‘कोन काय करतं मला बघायचं न्हाय. मी खिडकीकडं तोंड करून उभा ऱ्हातो. जे काय असंल ते होऊ द्या. देवाशपथ मागं बघनार न्हाय.’ आणि खरंच ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

पद्मानं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते. मग तिनं कमरेला खोचलेली कागदाची एक पुडी काढली, त्यातली चिमूटभर राख घेतली, डोळे मिटले आणि यंत्र जिथून कार्डं आत ओढतं तिथे, त्याच्या तोंडाशी सोडली. देवाला नैवेद्य दाखवावा तशी.

तो अंगारा होता. मलकप्पा दर सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळातून आणून आम्हा सगळ्यांना द्यायचा, यंत्राच्या पत्र्यालाही बोट लावायचा. आम्ही कपाळाला लावून मोकळे व्हायचो. पद्मा मात्र पहिल्यांदा बोलणी खाल्ल्यापासून घाबरून उरलेला जपून ठेवू लागली. आज दिवा लागू नये म्हणून ती यंत्राला थोडा भरवायची. राख कधी बाहेरच सांडायची, कधी ब्रशाला चिकटायची. ब्रश माखला की नंबर धड वाचला जायचा नाही आणि दिवा लागायचा. पुन्हा कार्डं फिरली की ब्रश आपोआप पुसले जायचे आणि सगळं ठीक. दिवा लागला की ती आणखी घाबरायची, दुसऱ्या दिवशी आणखी राख घालायची. बिचारी जेवढी प्रार्थना करत होती तेवढी बुडत होती.

मी फाइल चालू केली. थोडी कार्डं गेली आणि यंत्र थांबलं. लाल दिवा.

‘निल्लू,’ साहेब म्हणाले, पण या वेळी ओरडले नाहीत. वळले, चष्मा पुसला, यंत्राचं झाकण उघडलं आणि ब्रश बाहेर काढून उजेडात धरले. बोटानं ते हलकेच पुसले. बोटावर करडी राख आली. त्यांनी ती हुंगली. हा वास त्यांनी रोज सकाळी घेतलेला होता. ते क्षणभर तसेच उभे राहिले आणि मग ती राख त्यांनी आपल्या कपाळाला लावली, घामानं पुसट झालेल्या पट्ट्यांवर. पद्माकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मॅनेजर आले ते त्याच वेळी.

‘सापडलं?’

‘सापडलं. ब्रशावर राख बसत होती. हे बघा. राख घातली की दिवा लागतो, पुसली की जातो. पायजेल तितक्या वेळा दाखवतो.’ आणि त्यांनी दाखवलं. ब्रश पुसून फाइल घातली, सुरळीत गेली. अर्थात ती त्यांनी पुन्हा घातली.

मॅनेजरांना पटलं. पण ते मॅनेजर होते. ‘राख आली कुठून? कुणी टाकली?’

पद्मानं तोंड उघडलं. तिच्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या आत साहेब म्हणाले, ‘मी.’

‘तुम्ही?’

‘पूजा करून येतो रोज. यंत्रावर वाकून बघायची खोड हाय मला. कपाळावरची झडत असंल.’ आणि त्यांनी बोटानं कपाळ दाखवलं. ओली राख तिथे होतीच.

मॅनेजरांना हे खरं वाटलं की नाही, देव जाणे. ते एवढंच म्हणाले, ‘म्हणजे तुमच्याच हलगर्जीपणानं इतके दिवस हा तमाशा. मला हे वर कळवावं लागेल. मुंबईचं मग अवघड आहे.’

‘व्हय,’ साहेब म्हणाले.

हा माणूस स्वतःच्या बायकोचं नाव दोनदा विचारणारा. खात्री केल्याशिवाय पावसाला पाऊस म्हणणार नाही. त्याच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलेलं हे एकच खोटं, आणि तेही त्यानं कपाळाला पुरावा लावून सांगितलं. ती राख त्यांनी भक्तीनं लावली की मॅनेजरांच्या पावलांचा आवाज ऐकून, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्हीही असेल.

पद्मा पक्की झाली. साहेबांनी तिला कधी एका शब्दानं काही विचारलं नाही. फक्त मलकप्पाकडून समोरच्या भिंतीला एक फळी ठोकून घेतली आणि म्हणाले, ‘अंगारा हितं ठेवा. देवाला लांबनंबी दिसतं.’

मुंबईला शिकायला दुसऱ्याच शाखेतला एक तरुण गेला. शिकून आला तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे काय हे समजावून सांगायला त्याला आमच्याकडेही पाठवलं. मला वाटलं होतं, साहेब त्या दिवशी रजा घेतील. ते सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या खुर्चीत बसले, मांडीवर कागद घेऊन, पेन्सिलीला टोक करून. त्या पोराला त्यांनी इतके प्रश्न विचारले की तो घामाघूम झाला. एकेक उत्तर मिळालं की साहेबांचा चेहरा खुलायचा आणि मग ते तोच प्रश्न पुन्हा विचारायचे. मुंबईला गेले असते तर यापेक्षा जास्त खूश झाले नसते, असं कोणालाही वाटलं असतं. मलाही क्षणभर वाटलं. मग कागद ठेवायला ते उठले, कपाट उघडलं, आणि ते चित्र तिथे नव्हतं. चिकटवलेल्या जागी फक्त डिंकाचे चार डाग होते.

ते पद्मानंही पाहिलं. ती ट्रेपाशी उद्याची फाइल लावत उभी होती. हात चालू होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आवाज न करता. साहेब कपाट लावून तिच्याजवळ गेले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. त्यांनी तिच्या हातातला गठ्ठा हळूच काढून घेतला, वरची कार्डं आपल्या शर्टाच्या बाहीनं एक एक करून टिपली आणि म्हणाले, ‘पद्मा, फाइलीवर रडू नको बाळ. कार्डं फुगतात.’